अंतर मोजणारी गाणी

गाण्याला यंत्र मानवत नाही, असा एक समज आपल्या रसिकांत फार खोल रुजलेला आहे. चंद्र, पाऊस, नदी, माहेराची ओढ, वाट पाहणारे डोळे हे गाण्याचे खरे विषय; इंजिन, टेलिफोन, उपग्रह, संगणक हे कामाचे विषय. त्यांच्यावर कोणी गाणे रचलेच तर ते मुलांच्या करमणुकीचे होईल, नाहीतर जाहिरातीचे, असे मानले जाते. या समजाच्या पाठीशी चार आक्षेप उभे असतात. पहिला असा, की यंत्र लवकर जुने होते आणि त्याच्यावरचे गाणेही त्याच्याबरोबर भंगारात जाते. दुसरा असा, की यंत्राने कष्टकऱ्यांची गाणी मारली; मग मारेकऱ्याचेच गुणगान कसे करायचे? तिसरा असा, की यंत्रावरचे गाणे म्हणजे यंत्राची आणि ते विकणाऱ्याची भाटगिरी. चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. यंत्राने माणसामाणसांतले अंतर पुसले, अंतराबरोबर विरह गेला, आणि विरह गेल्यावर गाण्यापाशी उरले काय, असा तो प्रश्न आहे. हे आक्षेप घेणारी माणसे गाण्यावर मनापासून प्रेम करणारी आहेत, म्हणूनच त्यांना पूर्ण उत्तर मिळायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे: गाण्याचा सर्वांत जुना विषय अंतर हा आहे, आणि यंत्राचे मोठे काम अंतर बदलणे हे आहे. त्यामुळे यंत्र गाण्याच्या घरात परके नाही. तंत्रज्ञानातून स्फुरलेली जी गाणी टिकली, ती बहुतेक या बदललेल्या अंतराचीच गाणी आहेत.

आक्षेपांकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्या गाण्यांना आपण अस्सल, मातीतली, यंत्रापूर्वीची म्हणतो, तीसुद्धा यंत्रावरच जन्मली. जाते हे यंत्र आहे. खाली स्थिर तळी, वर फिरणारी पाळी, हाताने धरायचा खुंटा, दाण्याचा घास घालायचे तोंड, अशी ती पूर्ण विचाराने केलेली रचना आहे. तिला ठरावीक फेरा आहे, फेऱ्याला लय आहे आणि त्या लयीवर ओवी बसलेली आहे. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेली सासुरवाशीण दगडाचे वर्णन करत बसत नव्हती. ती गात होती दूर राहिलेल्या आईला, भावाला, लेकीला, पंढरीच्या वाटेला. हात यंत्रावर आणि मन अंतरावर, ही तंत्रज्ञानातून उगवणाऱ्या गाण्याची मूळ ठेवण आहे, आणि ती आपल्या बायकांनी शतकानुशतके जपली. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत आगगाडी येते, मोटारही येते. गाणाऱ्या बाईला ही नवी वाहने गाण्याला विटाळणारी वाटली नाहीत. माहेरची वाट कोण जवळ करते, भावाला दारापर्यंत कोण आणते, हा तिचा प्रश्न होता. बैलगाडी आणते की आगगाडी, याने तिच्या ओवीची जात बदलत नव्हती.

संतांच्या वाणीकडे पाहिले तरी हेच दिसते. कबीराने देहाला विणलेल्या वस्त्राच्या रूपात पाहिले, कारण माग त्याच्या रोजच्या हाताखालचा होता. गोरोबांची ओळख चाक आणि चिखल यांच्यावाचून सांगता येत नाही. नरहरी सोनारांनी आपल्या भट्टीपाशी पडलेल्या हत्यारांनी अध्यात्म सांगितले. ही त्या काळाची अवजारे होती, त्या काळाचे तंत्रज्ञान होते. आज ती आपल्याला रम्य वाटतात याचे कारण ती जुनी आहेत, एवढेच. मराठीतला यापेक्षाही ठोस पुरावा बहिणाबाई चौधरी यांचा आहे. खानदेशातल्या या निरक्षर कवयित्रीने घरोट्यावर गाणे रचले आणि जळगावच्या छापखान्यावरही रचले. अक्षरओळख नसलेली बाई छापण्याच्या यंत्राकडे पाहते, तेव्हा तिला लोखंडाची नवलाई मोजकीच वाटते; तिची नजर जाते ती यंत्रातून शहाणा होऊन बाहेर पडणाऱ्या कागदाकडे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, तसाच राहिलेल्या माणसाकडे. अक्षर आणि माणूस यांच्यातले अंतर तिने त्या यंत्राजवळ उभे राहून मोजले. घरोट्यावरचे गाणे अस्सल आणि छापखान्यावरचे उपरे, असा भेद बहिणाबाईंनी केला नाही. तो आपण करायला बसलो, तर आपली कसोटी त्यांच्यापेक्षा कोती ठरेल.

आता पहिला आक्षेप. यंत्र जुने होते, हे खरे आहे. पण त्याच्याबरोबर गाणे जुने होते, हे खरे नाही. १८९२ साली हॅरी डॅक्र या इंग्लिश गीतकाराने 'डेझी बेल' हे गाणे रचले. सायकलचे वेड तेव्हा युरोप-अमेरिकेत शिगेला पोचत होते. गाण्यातल्या प्रियकराजवळ लग्नाच्या वरातीसाठी घोडागाडी करण्याइतका पैसा नाही; तो प्रेयसीला दोघांनी मिळून चालवायची सायकल देऊ करतो. गरीब माणसाला परवडणारे, दोघांना एका लयीत पाय हलवायला लावणारे यंत्र त्या गाण्याच्या मध्यभागी आहे. दोन बैठकींची सायकल आज क्वचितच रस्त्यावर दिसते, गाणे मात्र इंग्रजी बोलणाऱ्या जगात अजून ओठांवर आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाला पहिल्यांदा गायला लावले, तेव्हा जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आवाजासाठी आणि मॅक्स मॅथ्यूज यांनी साथीसाठी निवडले ते हेच गाणे. लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते तिथे ऐकले, आणि १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात बंद पडत जाणारा संगणक शेवटी हेच गाणे गातो. सायकलवर रचलेले गाणे यंत्राच्या मरणाचे गाणे झाले. विषय कालबाह्य होतो म्हणून गाणे मरते, हा नियम खरा असता, तर हे घडलेच नसते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १० जुलै १९६२ रोजी 'टेलस्टार' हा दळणवळण उपग्रह आकाशात गेला आणि अटलांटिकच्या एका काठावरचे दूरदर्शनचे चित्र दुसऱ्या काठावर थेट दिसू लागले. त्याच वर्षी लंडनमधल्या आपल्या घरगुती स्टुडिओत जो मीक यांनी 'टॉर्नेडोज' या वादकसमूहासाठी त्याच नावाची एक धून तयार केली. तिला शब्द नाहीत. वर चढत जाणारे, थोडे थरथरणारे सूर आहेत, आणि त्यांत पहिल्यांदा आपला आवाज समुद्रापार सहज जाताना पाहणाऱ्या माणसाचा आनंद आहे. ती धून ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही अव्वल क्रमांकावर पोचली. खरा उपग्रह फेब्रुवारी १९६३ मध्ये, म्हणजे अवघ्या सात महिन्यांत मुका झाला. अवकाशातल्या किरणोत्साराने त्याची विद्युत-यंत्रणा निकामी केली. निर्जीव झालेला तो गोल अजून पृथ्वीभोवती फिरतो आहे. त्याची धून मात्र आजही वाजते आणि ऐकणाऱ्याला आजही वर उचलते. यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांइतके असते. गाण्याचे आयुष्य त्याने पकडलेल्या भावनेइतके असते. समुद्रापार आवाज पोचवण्याची माणसाची इच्छा त्या उपग्रहाच्या फार आधीची होती आणि त्याच्यानंतरही राहिली.

आपल्या जवळचा पुरावा १९४९ सालच्या 'पतंगा' या हिंदी चित्रपटात आहे. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेले आणि शमशाद बेगम यांच्याबरोबर स्वतः गायलेले टेलिफोनचे द्वंद्वगीत आजही घरोघरी माहीत आहे. नवरा रंगूनला, बायको देहरादूनला, आणि दोघांमध्ये टेलिफोनची तार. राजेंद्र कृष्ण यांची शब्दरचना हलकीफुलकी, रंगमंचावर सादर होणाऱ्या गमतीदार प्रवेशाची आहे. पण ते गाणे ज्या प्रेक्षकांनी पहिल्यांदा ऐकले, त्यांना रंगून हे गाव कसे आठवत असेल? १९४२ मध्ये जपानी हल्ल्यानंतर लाखो भारतीय ब्रह्मदेशातून पायी जंगल तुडवत परतले होते. १९४८ च्या जानेवारीत ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि कालपर्यंत नोकरीधंद्याचे असलेले गाव पूर्णपणे परदेश झाले. अशा वेळी रंगूनहून टेलिफोनवर नवऱ्याचा आवाज येतो, ही कल्पना हसवता हसवता दिलासाही देत होती. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळणे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते, पण ते गाणे समजावावे लागत नाही. कारण ते टेलिफोनच्या काळ्या यंत्राविषयी नाही. आवाज येतो आणि माणूस येत नाही, या अवस्थेविषयी आहे.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. विजेची पिठाची गिरणी गावात आली आणि जात्याची घरघर थांबली. तिच्याबरोबर ओवी थांबली. विहिरीवर इंजिन आणि मग वीजपंप बसला, आणि मोट हाकताना धावेवर बैलांच्या मागे-पुढे चालणाऱ्या मोटकऱ्याचे गाणे थांबले. यात खोटे काही नाही. पण या सत्याचा निवाडा कोणी करायचा? रोज पहाटे उठून घरभराचे पीठ हाताने दळणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय जात्याच्या जाण्याचा शोक करणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्या गाण्यात कष्टाची तक्रार भरलेली आहे, आणि त्या तक्रारीतच तिने गिरणीची वाट पाहिली होती असे म्हणायला जागा आहे. गाणे सुंदर होते म्हणून कष्ट चालू राहायला हवे होते, असे म्हणणारा रसिक स्वतः खुंट्याला हात लावणार नसतो. यापलीकडेही एक गोष्ट आहे. ज्या यंत्रयुगाने ओवीची जागा घेतली, त्याच यंत्रयुगाच्या टेपरेकॉर्डरने ती ओवी गाणाऱ्या बायकांच्या आवाजात, त्यांच्या हेलासकट जतन केली. कागदावर फक्त शब्द उरले असते. फितीवर श्वास उरला.

याच मुद्द्याला जोडून असेही म्हणता येते, की यंत्राने गाणे फक्त हिरावले नाही. त्याने गाण्याला नवे घाटही दिले. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि त्या तीन मिनिटांच्या चौकटीत मराठी भावगीत आकाराला आले. मायक्रोफोनमुळे गायकाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. कुजबुजीइतका हळुवार स्वरही हजारोंपर्यंत पोचू लागला. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायण' प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याच्या ठरावीक वेळेला घराघरांत रेडिओभोवती माणसे जमायची, ज्यांच्याकडे रेडिओ नाही ती शेजारी जाऊन बसायची. रामकथा जुनी, पण एकाच क्षणी एवढ्या दूरवरच्या घरांना एका ओळीत बसवणारी ती बैठक रेडिओखेरीज शक्य नव्हती. तेव्हा यंत्र आणि गाणे यांच्या नात्यात एका बाजूला हानी आहे आणि दुसऱ्या बाजूला भर आहे. केवळ हानीचा हिशेब मांडणारा निवाडा अर्धाच राहतो.

तिसऱ्या आक्षेपात भाटगिरीचा आरोप आहे. काही गाण्यांच्या बाबतीत तो खरा आहे, आणि ती गाणी विसरलीही गेली आहेत. पण जी टिकली त्यांत यंत्राला जाब विचारणारी पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मजुरांनी जपलेले जॉन हेन्रीचे लोकगीत घ्या. डोंगरात बोगदा खोदताना हातोड्याने पहार ठोकणारा हा मजूर वाफेच्या ड्रिलशी शर्यत लावतो, जिंकतो आणि हातात हातोडा घेऊनच मरतो. हात आणि काम यांच्यामध्ये यंत्र शिरले की हाताचे काय होते, हे त्याहून थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल. २७ सप्टेंबर १९०३ रोजी व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळ टपाल नेणारी ९७ क्रमांकाची गाडी पुलावरून कोसळली. तिला उशीर झाला होता, आणि टपाल उशिरा पोचले तर कंपनीला दंड बसणार होता. चालक गाडी भरधाव हाकत होता. त्यावरचे गाणे १९२४ मध्ये व्हर्नन डॅलहार्ट यांनी ध्वनिमुद्रित केले आणि ते अफाट खपले. त्यात इंजिनाची स्तुती नाही. घड्याळाच्या काट्यासाठी जीव देणाऱ्या माणसाची हकिकत आहे.

याच्याही पुढे जाणारी दोन उदाहरणे आहेत. स्टीव्ह राइक या अमेरिकन ज्यू संगीतकाराची 'डिफरंट ट्रेन्स' ही १९८८ सालची रचना चार तंतुवाद्ये आणि ध्वनिफितीवरचे आवाज यांची आहे. आईवडील वेगळे झाल्यामुळे लहानपणी ते न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये आगगाडीने ये-जा करत. त्याच वर्षांत आपण युरोपात असतो तर ज्यू म्हणून छळछावणीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो असतो, या जाणिवेतून ही रचना झाली. रचनेत इंजिनाच्या शिट्ट्या आहेत, रेल्वेच्या हमालाचे आणि छावण्यांतून वाचलेल्या माणसांचे खरे आवाज आहेत, आणि त्यांच्या बोलण्याच्या चढउतारावरून वाद्यांचे सूर घेतले आहेत. रूळ तेच, चाके तीच. एका गाडीत मुलगा आईकडे जातो आणि दुसरीत मरणाकडे. दुसरे उदाहरण जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क' या समूहाचे. १९७५ साली त्यांनी किरणोत्सार आणि रेडिओ या दोन्ही अर्थांशी खेळणारे 'रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी' हे गाणे काढले. त्याचा सूर तटस्थ होता. चेर्नोबिलच्या अपघातानंतर, १९९१ च्या आवृत्तीत, त्यांनी त्यात चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड आणि हिरोशिमा ही नावे घातली आणि थांबवा असा स्पष्ट उच्चार केला. २०१२ मध्ये तोक्योजवळच्या अणुऊर्जाविरोधी संगीतसभेत त्यांनी ते फुकुशिमाचे नाव घेऊन जपानी शब्दांत गायले. यंत्राने जे केले, ते पाहून गाण्याने आपली भूमिका बदलली. भाटाला हे जमत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतो.

मराठीत या साक्षीचे सर्वांत थोर रूप गिरणगावात सापडते. 'गिरणी' हा एकच शब्द आपण पिठाच्या यंत्रालाही वापरतो आणि कापडाच्या कारखान्यालाही. पिठाच्या गिरणीने गावातल्या बाईच्या हातातला खुंटा सोडवला. कापडाच्या गिरणीने तिचा नवरा मुंबईला नेला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली, आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातून, घाटावरून माणसांचे लोंढे गिरण्यांच्या भोंग्याकडे ओढले गेले. वाटेगावहून आलेले, स्वतः गिरणीत राबलेले अण्णा भाऊ साठे यांनी गावी राहिलेल्या मैनेची जी छक्कड रचली, ती या विरहातून आली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग म्हणजे ती मैना, असा अर्थ तिला आला, आणि एका मजुराच्या घरातली ताटातूट साऱ्या मराठी मुलखाची ताटातूट झाली. हे यंत्रावरचे गाणे नव्हेच, असे कोणी म्हणेल. त्यात मागाचे किंवा इंजिनाचे वर्णन मध्यभागी नाही, हे मान्य. पण जात्यावरच्या ओवीतही दगडाचे वर्णन मध्यभागी नव्हते. रूळ आणि गिरणी नसती तर तो गडी त्या मैनेपासून इतका दूर गेलाच नसता. ज्या यंत्राने अंतर निर्माण केले त्याचे नाव घेतले नाही, म्हणून ते गाणे त्या यंत्राचे नाही असे ठरत नाही.

इथून चौथ्या आक्षेपाकडे जाता येते. गिरणीच्या काळात अंतर होते, पत्राला आठवडा लागायचा, म्हणून विरह होता. आता खिशातल्या फोनवर समोरच्याचा चेहरा दिसतो, मग विरहगीत कशाला आणि कोणासाठी? या प्रश्नाचे उत्तर १९५९ सालच्या बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त मिळते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरात जन्मलेली आणि ब्राह्मण घरात वाढलेली सुजाता, आणि तिच्यावर प्रेम करणारा अधीर. तो तिला टेलिफोनवरून गाणे ऐकवतो. मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, तलत महमूद यांचा कापरा, जपून ठेवलेला स्वर. पलीकडे रिसीव्हर कानाला लावून सुजाता झालेली नूतन उभी आहे. ती एक शब्द बोलत नाही. दोघे एकाच गावात आहेत, तारेने मैल पूर्ण पुसले आहेत, आणि तरीही त्यांच्यामध्ये एक अंतर शिल्लक आहे, जे कोणतीही तार ओलांडू शकत नाही. ते जातीचे अंतर आहे. यंत्राने एक अंतर दूर केले म्हणून दुसरे, त्याहून खोल अंतर उघडे पडले. प्रेयसी शंभर कोस दूर असती तर वियोगाचा दोष वाटेला देता आला असता. टेलिफोनने ती पळवाट बंद केली. त्या गाण्याची वेदना टेलिफोन असूनही निर्माण झालेली नाही. टेलिफोनमुळे ती दिसू लागली आहे.

अवकाशयुगाच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यातही हीच गोष्ट आहे. '२००१: अ स्पेस ओडिसी' हा, सायकलचे गाणे गाणाऱ्या संगणकाचा चित्रपट पाहून डेव्हिड बोवी यांना 'स्पेस ऑडिटी' सुचले. ते ११ जुलै १९६९ रोजी, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी बाजारात आले. जग विजयाच्या घोषणा द्यायला सज्ज असताना या गाण्यातला अंतराळवीर पृथ्वीशी रेडिओवर बोलता बोलता दूर जातो आणि संपर्क तुटतो. रेडिओ नसता तर तुटायला काही नसते. जोडणारे यंत्र आहे म्हणूनच तुटण्याचा क्षण ऐकू येतो. २०१३ च्या मे महिन्यात क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अवकाश स्थानकात हेच गाणे थोडे बदलून गायले, त्याची ध्वनिचित्रफीत खाली आली आणि कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. हजारो यंत्रांच्या आधाराने जिवंत राहणाऱ्या माणसाला तिथे गावेसे वाटले ते एकटेपणाचे गाणे. जोडणीची साधने वाढली की विरह संपतो, हे म्हणणे या दोन्ही गाण्यांपुढे टिकत नाही. विरहाची जागा बदलते. पूर्वी तो वाटेत राहत होता. आता तो आवाज आणि स्पर्श यांच्यामध्ये राहतो.

आक्षेपांचे खंडन झाले तरी मंडनाची जबाबदारी उरते. यंत्रातून स्फुरलेले चांगले गाणे कशाने चांगले ठरते? माझ्या मते त्याची दोन लक्षणे आहेत. पहिले, त्याने यंत्राची चाल अंगात घेतलेली असते. १९६८ च्या 'आशीर्वाद' चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीतात अशोककुमार यांनी म्हटलेले हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे आगगाडीचे गाणे पाहा. स्टेशनांची नावे एकामागून एक येतात, वेग वाढत जातो, आणि श्वासाची ओढाताण हेच इंजिन होते. क्राफ्टवेर्कच्या १९७४ सालच्या 'ऑटोबान'मध्ये मोटारीचे दार लागते, इंजिन सुरू होते, आणि पुढची २२ मिनिटे लांब सपाट रस्त्याचे ते एकसुरी सुख सुरांत उतरते. जात्याचा फेरा ओवीत उतरला होता, तसेच हे. दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे. यंत्रामुळे दोन माणसांतले कोणते अंतर बदलले, हे त्या गाण्याला कळलेले असते. नुसती चाल पकडली तर नक्कल होते, नुसते यंत्राचे नाव घेतले तर यादी होते. ही दोन्ही लक्षणे एकत्र आली की यंत्र कालबाह्य झाले तरी गाण्याला धक्का लागत नाही.

या कसोटीवर आजच्या मराठी गाण्याने स्वतःला तपासावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. रात्रीच्या पाळीने वीज येते म्हणून थंडीत मध्यरात्री बांधावर जाऊन पंप चालू करणारा शेतकरी आपल्याकडे आहे. झोपलेले घर आणि जागे शिवार यांच्यातले अंतर तो रोज चालतो, आणि मोटेच्या गाण्यानंतर त्याच्या पाण्याचे गाणे फार थोड्यांनी रचले. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा पडद्यावर पाहून ताट वाढायला उठणारी आई आहे, आणि तिची सकाळ ही त्याची रात्र आहे. मोबाइल गाण्यात आला तर तो बहुतेक वेळा थट्टेचा विषय म्हणून किंवा ठेक्यातला शब्द म्हणून येतो. याचा दोष मोबाइलकडे जात नाही. तो रचणाऱ्याच्या नजरेचा आहे, कारण ती पडद्यापाशी थांबते आणि पडद्याच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांपर्यंत जात नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईची नजर दगडापाशी थांबली नव्हती. तिच्या हातात तिच्या काळाचे यंत्र होते, त्याचा फेरा तिने आपल्या ओळीला दिला, आणि त्या ओळीवर बसून ती रोज माहेरी जाऊन येत होती. गाण्याला यंत्र मानवत नाही म्हणणाऱ्यांनी तिच्याच ओव्या पुन्हा कान देऊन ऐकाव्यात. त्यांत दोन आवाज आहेत, एक तिचा आणि एक फिरणाऱ्या दगडाचा, आणि त्यांतला कोणताही एक वजा केला तर ओवी पुरी होत नाही.